कॉमिक्स द्यावीत का, आणि कोणती? साताऱ्याच्या एका चित्रकला मास्तराचं उत्तर

कराडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा सातवीत. गोष्टीचं जाडजूड पुस्तक दिलं तर चार पानांत झोपतो, कॉमिक्स मिळालं की जेवणाचं भान राहत नाही. सासऱ्यांचं म्हणणं, चित्रांची पुस्तकं बालवाडीपुरती ठीक, सातवीतल्या पोरानं आता 'खरं' वाचावं. तेव्हा कॉमिक्स द्यावीत की नाही, द्यायची तर कोणती, ती वाचण्यासारखी का, आणि मोठ्यांनी वाचावं असंही त्यात काही असतं का?

ताई, द्या. बिनघोर द्या. निवडून मात्र द्या. मी साताऱ्यात चित्रकलेचा मास्तर होतो, नोकरी सगळी त्यातच गेली. वर्गातल्या कपाटात पोस्टर कलरच्या बाटल्यांशेजारी कॉमिक्सचा गठ्ठा कायम असायचा, आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या निमित्ताने येणाऱ्यांपेक्षा त्या गठ्ठ्यासाठी रेंगाळणारी पोरं जास्त असायची. म्हणून खालचं सगळं मत हातात ब्रश धरणाऱ्याचं आहे. गोष्ट कितीही चांगली असो, चित्र आळशी असेल तर ते पुस्तक मी कुणाला सुचवत नाही.

सासऱ्यांना एवढं सांगा, की चित्रांच्या रांगेतून गोष्ट सांगणं हे काही परदेशातून आलेलं फॅड नाही. कोकणात पिंगुळीचे चित्रकथी एकेक कागद पुढे करत रामायण-महाभारत ऐकवत आलेत. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातल्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. आणि आपल्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, संस्थानचे राजे असून, स्वतः कुंचला धरून रामायण चित्रांत उतरवलं. त्यांना कुणी बालवाडीत पाठवलं नाही.

आता निवड कशी करायची. दुकानात पुस्तक हातात घ्या, मधलंच कुठलंही पान उघडा आणि संवादांचे फुगे तळहाताने झाका. नुसत्या चित्रांवरून कोण कुणावर चिडलंय, कोण घाबरलंय, वेळ सकाळची की रात्रीची, हे कळतंय का? कळत असेल तर पुस्तक चांगलं असण्याची शक्यता दाट. मग हात काढा आणि मजकूर वाचा. वर लिहिलंय 'राजा संतापला आणि त्याने तलवार उपसली', आणि खाली चित्रात राजा संतापून तलवार उपसतोय, तर एकच गोष्ट दोनदा विकत घेतल्यासारखं झालं. ठेवून द्या. चांगल्या कॉमिक्समध्ये शब्द एक सांगतात, चित्र दुसरं, आणि वाचणाऱ्याला दोन्ही जुळवावं लागतं.

आणि दोन चौकटींच्या मधली पांढरी पट्टी बघा. एका चौकटीत म्हातारीने काठी उगारलीय. पुढच्या चौकटीत कुत्रं लांब पळतंय. काठी बसली की नाही? ते कुठेच काढलेलं नाही. वाचणाऱ्याने ते त्या पट्टीत स्वतः घडवलं. तुमचा मुलगा जेवण विसरून हेच करत असतो. कॉमिक्स वाचताना डोकं चालवावं लागत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा असं पान समोर घेऊन बसावं.

तर माझं सगळ्यात आवडतं, आणि ते आपल्या जिल्ह्याचं आहे म्हणून आधी सांगतो: भीमायन. २०११ साली नवयान प्रकाशनाने काढलं. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी दांपत्याची. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या स्वतःच्या अनुभवांवर 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाचं छोटं टिपण इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, त्याच्या आधारे हे पुस्तक उभं आहे. पाणी, निवारा आणि प्रवास असे त्याचे तीन भाग.

त्या टिपणातली पहिलीच आठवण १९०१ सालची, सातारची. भीमराव तेव्हा साताऱ्यात शिकत होते. ७ नोव्हेंबर १९०० ला ते आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात दाखल झाले, आणि म्हणून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. वडील नोकरीनिमित्त खटाव तालुक्यात गोरेगावला. सुट्टीत मुलं वडिलांकडे निघाली. नवे कपडे, जरीच्या टोप्या, आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. उतरायचं होतं मसूरला. म्हणजे ताई, तुमच्याच तालुक्यात. वडिलांना पत्र वेळेवर कळलंच नाही, त्यामुळे न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तरने पोरं चांगल्या घरची समजून चौकशी केली, आणि 'आम्ही महार' हे उत्तर ऐकताच त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं, आणि वर अट अशी की गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान शेजारून चालणार. डबा सोबत होता, पण प्यायला पाणी मिळेना, म्हणून जेवणही झालं नाही.

ही गोष्ट आपल्याकडे बहुतेकांनी भाषणात ऐकलेली असते. भीमायनात ती बघायला मिळते. व्याम दांपत्याने सुरुवातीलाच सांगितलं होतं की आम्ही माणसांना चौकटींत कोंबणार नाही. त्यामुळे पानावर सरळ रेषेतले डबे नाहीत. रस्ता, वेल, माणसांचे हात यांनीच पान वळत-वळत विभागलं जातं. आगगाडी सापासारखी वळते. पाण्याच्या भागात पानं मासे आणि जलचरांनी भरलेली. पण खरी कमाल संवादांच्या फुग्यांत आहे. प्रेमाचं किंवा सोसणाऱ्याचं बोलणं असेल तर फुगा पक्ष्याच्या आकाराचा. जातीचा माज दाखवणारं बोलणं असेल तर फुग्याला विंचवाची नांगी. मनातला विचार असेल तर फुग्यात एक डोळा. सातवीतला मुलगा मजकूर वाचायच्या आधी नांगी बघतो आणि हा माणूस आता काय बोलणार ते ओळखतो. मी वर्गात हे पुस्तक फिरवलं तेव्हा पोरांनी दुसऱ्या दिवसापासून एकमेकांच्या बोलण्याला नांग्या लावायला सुरुवात केली. 'सर, ह्याच्या फुग्याला नांगी काढा!' जातीवरून होणारे टोमणे मधल्या सुट्टीत कुठे-कुठे चालतात, हे मला त्या आठवड्यात जेवढं कळलं तेवढं एरवी कळलं नसतं.

मध्येमध्ये अलीकडच्या बातम्यांची कात्रणं येतात, त्यातली काही मुलांना जड जातील. तुम्ही आधी वाचा, मग सोबत बसून वाचा. हिंदीतही आहे, त्यामुळे इंग्रजीची अडचण नको. याच नटराजनबाईंनी अपराजिता निनान यांच्या चित्रांसह जोतीरावांच्या 'गुलामगिरी'वर इंग्रजीत 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' केलंय. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातलंच, आणि सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. पुस्तक तिखट आहे, वाद घालणारं आहे. मला ते भीमायनइतकं चित्र म्हणून भावत नाही, पण आठवी-नववीनंतर जरूर द्यावं.

आता घरोघरी असतं ते, अमर चित्र कथा. १९६७ मध्ये अनंत पै यांनी हे सुरू केलं. दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजुषेत मुलांना ग्रीक देवांची नावं येत होती पण रामाच्या आईचं नाव येईना, हे बघून त्यांना ही कल्पना सुचली असं ते सांगत. आपली मुलं वाचतात पण कुणाचा हात आहे हे त्यांना माहीत नसतं, म्हणून नावं घेतो. पहिला गाजलेला 'कृष्ण' काढला राम वाईरकरांनी. पुढे टिंकल या मुलांच्या नियतकालिकातल्या सुपंडीलाही त्यांनीच रूप दिलं. प्रताप मुळीकांचे घोडे आणि लढाया बघा, घोड्याच्या मानेचा बाक नुसत्या दोन रेषांत येतो. हेच मुळीक पुढे हिंदीतल्या राज कॉमिक्सच्या नागराज या सुपरहिरोचे पहिले चित्रकार. बेचाळीस भागांचं महाभारत दिलीप कदमांनी काढलं. कुरुक्षेत्रावरच्या गर्दीतसुद्धा त्यांचा प्रत्येक चेहरा वेगळा राहतो, आणि हे किती अवघड असतं ते गर्दीचं चित्र काढायला बसल्यावर कळतं. टिंकलचा शिकारी शंभू वसंत हळब्यांचा, कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा. शंभूची टोपी त्याचे डोळे झाकते. चेहऱ्यावरचा सगळ्यात बोलका भाग झाकून हळबे केवळ मिशा आणि गुडघे यांवर भित्रेपणा दाखवतात. मुलाला सांगा, शंभूचे गुडघे बघ.

पण अमर चित्र कथा डोळे मिटून देऊ नका. राक्षस काळे, देव आणि नायक उजळ, राण्या सगळ्या एकाच साच्यातल्या, आणि इतिहास म्हणजे एकामागून एक थोर पुरुष, हा त्यातला जुना दोष आहे. बत्तीस पानांत शिवाजी महाराज बसवायचे म्हणजे गाळावं लागणारच, हेही खरं. मी पोरांना विचारायचो, 'या पानावर नोकर कोण आहे, आणि त्याला एकतरी वाक्य बोलायला दिलंय का?' एवढ्या प्रश्नावर तास निघतो. त्यातला एक अंक मात्र चित्रांसाठी आवर्जून मिळवा: 'मीराबाई', चित्रकार युसूफ लीन. राजस्थानी लघुचित्रांची रंगसंगती आणि सपाट झाडं त्यांनी कॉमिक्सच्या पानात इतकी बेमालूम आणली आहेत की मी तो अंक इंटरमिजिएटच्या मुलांना डिझाइनसाठी दाखवायचो.

इंद्रजाल कॉमिक्सबद्दल माझ्या वयाची माणसं हळवी होतात. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ ते १९९० ती काढली, मराठीतही. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम) आणि जादूगार मँड्रेक टांगलेले असायचे. वेताळाची कवटीची अंगठी आणि कवटीची गुहा आमच्या पिढीच्या वह्यांच्या शेवटच्या पानावर असायचीच. वेताळाच्या मूळ कथांतलं बंगाला हे देशाचं नाव बंगालशी गल्लत नको म्हणून इंद्रजालने डेंकाली केलं होतं. पण आज मुलाला घेऊन द्या असं मी म्हणणार नाही. जंगलातल्या काळ्या लोकांचं रक्षण करायला पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा लागतो, हा त्याचा पायाच आहे. जुन्या प्रतींना संग्राहक आता भलते पैसे मागतात, तेवढे देऊ नका. मिळालाच तर 'बहादूर'चा अंक बघा. आबिद सुरतींनी १९७६ मध्ये त्याच इंद्रजालसाठी रचलेला देशी नायक, चंबळच्या डाकूंशी लढणारा, कुर्ता आणि जीन्स घातलेला. राज कॉमिक्समधला सुपर कमांडो ध्रुव, अनुपम सिन्हांचा, हाही मला आवडतो. त्याच्याकडे कुठलीही दैवी ताकद नाही, सर्कशीतली कसरत आणि विज्ञानाचं पुस्तक एवढ्यावर तो निभावतो. बाकीचे सुपरहिरो मुलगा स्वतः शोधेल, त्यासाठी मास्तर लागत नाही.

मराठीत सुरुवात करायची तर चिंटूने करा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा चित्रपट्टा २१ नोव्हेंबर १९९१ पासून सकाळमध्ये येऊ लागला, पुढे त्याची पुस्तकं निघाली. तीन-चार चौकटींत पूर्ण गंमत सांगायची, रोज, वर्षानुवर्षं, हे काम किती घट्ट विणीचं आहे ते एकदा मोजून बघा. शेवटच्या चौकटीत अनेकदा चिंटू बोलतच नाही, फक्त त्याचं तोंड वाकडं झालेलं असतं किंवा पप्पांचा पेपर वर जातो. विनोद तिथे असतो. पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू ही मंडळी शब्दांनी नाही तर उभं राहण्याच्या पद्धतीने ओळखू येतात. मिनीचे हात बघा, भांडताना ते कधी खाली नसतात.

चिंटूवर एक उद्योग करता येतो, सुट्टीत करून बघा. एका पानाची झेरॉक्स काढा, फुग्यांतला मजकूर व्हाइटनरने पुसा, त्याची पुन्हा झेरॉक्स काढा आणि मुलाला सांगा, भर. दहिवडीकडून साताऱ्याला शिकायला आलेला एक मुलगा वर्गात फळ्याकडे बघायचा आणि गप्प बसायचा, पुस्तकी मराठी त्याच्या जिभेवर येत नव्हती. त्याने भरलेल्या पहिल्या फुग्यात होतं, 'आये, पावनं आल्याती, च्या ठेव की.' दुसऱ्यात आईचं, 'दूध मांजरानं प्यालं, त्यास्नी इच्यार कोरा चालतुया का.' चित्र तेच, पण चिंटू पुण्यातून उठून थेट माणदेशात जाऊन बसला. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गाच्या बाई बघायला आल्या. त्यानंतर त्या मुलाला लिहायला सांगावं लागलं नाही. अशुद्ध लिहिलं म्हणून फुग्यात लाल रेघ मात्र मारू नका.

चिंटू आवडला तर पुढची पायरी इंग्रजीतली, कॅल्विन अँड हॉब्ज. बिल वॉटरसनने १९८५ ते १९९५ अशी दहाच वर्षं तो काढला आणि लोकप्रियता शिखरावर असताना थांबला. सहा वर्षांचा खोडकर मुलगा आणि त्याचा वाघ. एवढंच बघा: चौकटीत कॅल्विन एकटा असेल तर वाघ उंच, चालता-बोलता, मिश्कील. आईबाबा चौकटीत आले की त्याच जागी चिंध्यांचं बाहुलं. खरं काय, हे वॉटरसन कधीही सांगत नाही. इंग्रजी मधूनमधून जड आहे, सातवीतल्या मराठी माध्यमाच्या मुलाला सगळं कळणार नाही. कळलं तेवढं पुरे, उरलेलं तो दहावीत पुन्हा वाचेल.

परदेशी मोठ्या पुस्तकांत मुलासाठी एकच घ्यायचं असेल तर 'टिनटिन इन तिबेट' घ्या. हेर्जे या बेल्जियन चित्रकाराचं, १९६० चं, हिंदीतही आलंय. टिनटिन हा तरुण बातमीदार, त्याच्या बाकी गोष्टींत तस्कर असतात, हेर असतात, बंदुका असतात. यात खलनायकच नाही. मित्र चँग विमान अपघातात गेला असं सगळं जग म्हणतंय, टिनटिनला स्वप्न पडलंय की तो जिवंत आहे, आणि तेवढ्यावर तो हिमालयात निघतो. वाटेत दिल्लीत थांबतो, कुतुबमिनार आणि लाल किल्ला बघतो. तिथे रस्त्यात बसलेल्या गाईला ओलांडायला जाऊन त्याचा सोबती कॅप्टन हॅडॉक तिच्या पाठीवर बसून दौडत जातो, ते पान मुलं दहादा उलटतात. पुढे पानं हळूहळू पांढरी होत जातात. बर्फ काढायला हेर्जे रंग वापरत नाही, कागद मोकळा सोडतो, आणि त्या मोकळ्या कागदावर तीन ठिपक्यांएवढी माणसं चालताना दिसतात. एका जागी कॅप्टन कड्यावरून दोरीला लोंबकळतोय, वर टिनटिन दोरी धरून गोठत चाललाय. कॅप्टनला कळतं की दोघंही मरणार, आणि तो स्वतःची दोरी कापायला चाकू काढतो. एरवी शिव्याशापांचा पाऊस पाडणारा हा माणूस तिथे किती साधं बोलतो ते बघा. चँग हे पात्र हेर्जेच्या खऱ्या चिनी मित्रावरून घेतलेलं. दोघांची अनेक वर्षं ताटातूट झाली होती, भेट झाली ती हे पुस्तक निघाल्यावर कितीतरी वर्षांनी, १९८१ मध्ये. टिनटिनचं आफ्रिकेतलं सुरुवातीचं पुस्तक मात्र मुलाला देऊ नका, त्यात काळ्या माणसांची चित्रं लाज वाटावी अशी आहेत.

अ‍ॅस्टेरिक्स? हे फ्रेंच कॉमिक्स मला फार आवडतं. रोमन साम्राज्याला न जुमानणारं एक छोटं गाव, ही कल्पना साताऱ्याच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पण त्यातला निम्मा विनोद नावांच्या इंग्रजी कोट्यांत आहे. नववी-दहावीपर्यंत थांबा. तोवर त्याच्या आडदांड मित्राचं, ओबेलिक्सचं, रानडुकरांचं जेवण आणि शेवटच्या पंगतीत तोंड बांधून ठेवलेला भाट एवढ्यावर समाधान माना.

आता तुमच्यासाठी आणि सासऱ्यांसाठी. सासरे जुने वाचक असतील तर त्यांच्या हातात 'माऊस' ठेवा आणि काही बोलू नका. आर्ट स्पीगलमनने आपल्या वडिलांची, व्लाडेकची, नाझी छळछावणीतून वाचण्याची कहाणी चितारली आहे. १९९२ मध्ये तिला अमेरिकेतल्या पुलित्झर पुरस्काराचा विशेष सन्मान मिळाला. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश लोक डुकरं. ऐकायला बाळबोध वाटतं. मग व्लाडेक लपूनछपून रस्त्यावरून जातो तेव्हा तो उंदीरच असतो, पण तोंडावर डुकराचा मुखवटा, आणि मुखवट्याची दोरी मागे दिसते. ओळख लपवून जगणं म्हणजे काय, हे सांगायला लेखकाला पानभर वर्णन लागलं असतं. इथे ती दोरी ते काम करते. वडील हे काही संत नाहीत. चिक्कू आहेत, किरकिरे आहेत, मुलाचं आणि त्यांचं पटत नाही. जे सोसलं त्याने माणूस आपोआप मोठा होत नाही, हेही त्यात दिसतं, आणि माझ्या मते पुस्तकाचं खरं बळ तिथे आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या आत मुलाला देऊ नये.

तुम्ही स्वतः 'पर्सेपोलिस' वाचा. मार्जान सत्रापीचं, इराणच्या क्रांतीनंतर वाढलेल्या मुलीचं आत्मचरित्र, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात. पहिल्याच पानावर दहा वर्षांची मार्जान डोक्याला ओढणी बांधून बसलीय. पुढच्या चौकटीत वर्गाचा फोटो, त्यात ती अगदी कडेला, इतकी की चौकटीने तिला कापूनच टाकलंय. सगळ्या मुली एकसारख्या दिसायला लागल्या आणि आपण तर दिसेनासेच झालो, हे सांगायला ती एक कापलेली कड तिला पुरली. चित्रं मुद्दाम साधी आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, असं तर मीही काढीन. काढून बघा. (मी बघितलंय, दोन रंगांत चेहरा उभा करायला हात फार पक्का लागतो.)

आणि कोयनेच्या बाजूचं कुणी घरात असेल, पाटणकडचं, जावळीकडचं, ज्यांच्या आज्यापणज्यांची गावं कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेली, त्यांनी ओरिजित सेनचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' वाचावं. नर्मदेच्या धरणावर १९९४ मध्ये निघालेलं हे पुस्तक भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी मानतात. बरीच वर्षं मिळत नव्हतं, २०२२ ला पुन्हा छापलं. एक तरुण पत्रकार धरणाच्या भागात जातो आणि त्याच्या बातमीच्या शेजारी एका आदिवासी गायकाची सृष्टीच्या जन्माची गाथा चालू राहते. बातमीची पानं बारीक रेघांची, गाथेची पानं मोकळी. दोन्ही भाषा एकमेकींना कुठे भिडतात ते रेषेवरून कळतं. धरणाचा फायदा घेणारे आपणही त्यात आहोत, त्यामुळे वाचताना अवघडायला होतं.

जपानी चित्रकार ओसामू तेझुकाचं आठ खंडांचं 'बुद्ध' मी नुसतं नाव घेऊन सोडतो. थोर आहे, लांबलचक आहे, आणि गंभीर प्रसंगात मध्येच पोरकट विनोद घुसवण्याची तेझुकाची खोड सगळ्यांना झेपत नाही.

मिळणार कुठे? साताऱ्यात मोठ्या ग्रंथालयात बालविभागात अमर चित्र कथा आणि चिंटू मिळून जातात, बाकीचं मागणी नोंदवा, दोन-तीन सभासदांनी नोंदवली की समिती विचार करते. जिल्हा ग्रंथमहोत्सवात स्टॉलवाल्यांकडे जुने गठ्ठे असतात, खाली वाकून शोधावं लागतं. पाचगणीजवळचं भिलार, २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव, तुम्हाला एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, मुलाला बालसाहित्याच्या घरात सोडा आणि दोन तास हाक मारू नका. इंग्रजी पुस्तकांसाठी पुण्याला अप्पा बळवंत चौकात फोन करून ठेवा, नाहीतर ऑनलाइन मागवा.

मोबाइलवर शक्यतो देऊ नका. बरीच अ‍ॅप्स एकेक चौकट मोठी करून दाखवतात. चित्रकाराने पान पूर्ण रचलेलं असतं, मोठी चौकट कुठे, बारक्या कुठे, डावीकडच्या पानाच्या शेवटी प्रश्न ठेवून उत्तर पान उलटल्यावर. एकेक चौकट सुटी केली की हे सगळं मोडतं. फुकटच्या पीडीएफमध्ये रंगही भलतेच असतात. आणि मुलाने मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स आणली तर ती बहुतेक उजवीकडून डावीकडे वाचायची असते, शेवटच्या पानापासून सुरू केलंय म्हणून सासऱ्यांनी रागवू नये.

पैशाचं गणित घालायचं तर या महिन्यात चिंटूचे दोन भाग आणि तिबेट, दिवाळीत भीमायन. 'माऊस' आणलंत तर त्यावर कव्हर घालून वरच्या फळीवर ठेवा. मुलगा ते काढणारच. काढलं की हिसकावून घेऊ नका, 'कुठपर्यंत आलास' एवढं विचारा आणि पुढची चार पानं त्याच्याबरोबर बसून वाचा.